खालची टाकी

माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर एक डाग आहे,
बशीएवढा, कडेला पांढरा.
स्टुलावर चढून बोट लावलं, चाटलं: खारट.

वूच. शहराच्या नावाचा अर्थ नौका,
आणि समुद्र तीनशेवर किलोमीटर उत्तरेला.
तरी तो आला माझ्याकडे, रविवारी पहाटे,
वरच्या मजल्यावरून,
किटलीच्या झाकणावर टप, टप.

झेमोवित खाली आला. मोजे ओले, हातात पिळलेलं फडकं.
"गेनोवेफाबाई, चूक माझी. वीज गेली होती."
ओतिलिया नॉर्वेला मासे डब्यात भरायच्या कारखान्यात गेली
तेव्हापासून जिन्यात तो
इतकं सलग बोलला नव्हता.

वर नेऊन दाखवलं मग.
सत्तर लिटरचा समुद्र, कपाटावर ठेवलेला.
खडकाच्या भोकातून भाडेकरूसारखा डोकावणारा
एक पिवळा गोबी.
आणि कपाटाच्या पोटात, दाराआड, नवी टाकी:
वरचं पाणी नळीतून खाली पडतं,
कापडी मोज्यात गाळ टाकतं,
उरला मळ फेसाबरोबर चढून कपात साचतो,
काळ्या चहासारखा, वास मात्र चहाचा नाही,
पुढे शेवाळाचा गुंता, त्याच्यावर रात्रभर दिवा,
शेवटच्या कप्प्यात पंप, तो पुन्हा वर ढकलतो.
"याला संप म्हणतात."

संप.
आमच्या गिरणीत झाला होता एकदा.
एकवीस वर्षं माग चालवले मी,
ते सगळे एका क्षणी थांबले तेव्हा
कान ठणकले होते,
दात काढलेल्या हिरडीसारखे.

तो सांगत होता:
पाणी रोज थोडं उडून जातं,
पण वरची पातळी ढळत नाही.
पाहुण्याला वाटावं, काही कमी नाही.
घटतं ते फक्त इथं, खाली, पंपाच्या कप्प्यात,
दार उघडल्याशिवाय कुणाला कळत नाही.
हे तो पाण्याबद्दलच बोलत होता.
मी त्याच्या कडक इस्त्रीच्या कॉलरकडे बघत होते.

चूक एवढीच झाली होती:
पंप थांबला की वर नेणारी नळी
उलटी प्यायला लागते,
आणि तिचं तोंड खोल बुडालेलं.
गुरुवारी त्यानं तिला पाण्याच्या पृष्ठालगत
तिळाएवढं भोक पाडलं.
मग मी दाराशी, फ्यूजच्या पेटीजवळ,
तो गुडघ्यांवर, टॉर्च दातांत.
"बंद!"
मी खटका पाडला.

खालचं पाणी चढू लागलं.
चार बोटं, तीन,
मग वरून एक आवाज,
पोरानं सूपची वाटी तोंडाला लावून
शेवटचा घोट ओढावा तसा.
भोकातून हवा शिरली होती.
पाणी थांबलं, काठाखाली दोन बोटांवर.

टॉर्च पेटलेला, तो हसत होता, लाळ गळत होती.
त्यानं जाड शाईचं पेन माझ्या हातात दिलं.
वीज परत येऊन पाणी खाली उतरलं,
तिथं मी रेघ ओढली.
इतकी वर्षं सूत सरळ धरलं,
तरी वाकडीच आली.
"हिच्यावर भरायचं नाही," तो म्हणाला.
ओतिलियाला फोटो पाठवला. उत्तर आलं: ती रेघ कोणाची?

जानेवारीत एका रात्री वीज गेली.
छतातून येणारी ती गुळगुळ,
जिला मी आधी शिव्या घातल्या होत्या,
थांबली.
मी डागाखाली किटली ठेवली, अंधारात बसले.
शंभर मोजले. दोनशे.
काही पडलं नाही.
वर टाच वाजली, दोनदा.
मी झाडूच्या दांड्यानं दोनदा उत्तर दिलं.

डाग रंगवायला तो मार्चमध्ये येतो म्हणालाय.
मी सांगितलं, घाई नाही,
आधी सगळं मीठ बाहेर येऊ दे.